दुसरी पाळी सुटते तेव्हा

तीन रात्री झाल्या, कायेतान झोपलेला नाही.
वूच शहरात फेब्रुवारी, ट्रामच्या तारांवर बर्फ,
आणि माझ्या मुलाच्या पडद्यावर
गिरणीच्या फाटकातून बाहेर पडतायत
आठ गुलाबी चौकोन.

"या बायका आहेत," तो म्हणतो.
"कुठल्या?"
"तुमच्या छपाईखात्यातल्या. दुसरी पाळी सुटते ना, तेव्हाच्या."

खेळ दुसऱ्याच कुणाचा.
मुळात त्यात शेतं, एक पवनचक्की, मासे धरायचा गळ.
लोक आपापलं काही घुसडतात, त्याला मॉड म्हणतात;
कुणी ड्रॅगन घुसडला, कुणी हेलिकॉप्टर.
ह्यानं घुसडली विद्झेवची गिरणी,
लाल विटांची, धुराड्यासकट,
जिच्यात आता बुटांची दुकानं आहेत.

तो गुलाबी मी ओळखते.
नऊ नंबरच्या कढईतला,
नखांत आठवडा आठवडा राहणारा.
नाही, तो म्हणतो, हा रंगच नव्हे.
चित्र सापडलं नाही की यंत्र असं ओरडतं.

पहाटे सापडलं.
यादीत नाव लहान अक्षरानं सुरू, फाइलवर मोठ्या.
एवढ्याशा मानापमानापायी
आठ बायका तीन दिवस फाटकात अडकल्या.

मग आल्या. वालेन्तिनाचा हिरवा रुमाल,
ब्रोनिस्वावाची बटाट्यांची पिशवी,
सगळ्या बोटभर उंच.
पण चालायला लागल्या आणि बिनसलं:
पहिलं पाऊल ठीक, तिसऱ्याला खांदा कापला गेला,
आठव्याला वालेन्तिनाच्या कुशीतून
शेजारच्या चौकटीतला तिचाच हात फुटला.

"रिपीट किती धरलायस?" मी विचारलं.
त्यानं असं पाहिलं की जणू किटलीच बोलली.

सव्वीस वर्षं कापड छापलंय रे.
साचा केसभर सरकला
तर पहिल्या मीटरला कळत नाही,
चाळिसाव्याला देठ पानात घुसतो.
चूक तेवढीच असते, साठत मात्र जाते.

चष्मा लावून मी मूळ चित्राचे ठिपके मोजले,
भिंगाखाली धागे मोजायचे तसे, ओठ न हलवता.
त्यानं लिहिलेले अठ्ठेचाळीस.
काढलेले एकोणपन्नास.
दर दोन चित्रांमध्ये एक रेघ,
स्वतःच्या सोयीसाठी आखलेली,
पुसायची राहून गेलेली.

बायका सरळ झाल्या. सरळ चालत
फाटकाच्या छपरावरून गेल्या, सर्कशीतल्यासारख्या.
ह्यावर तो हसला. तीन दिवसांत पहिल्यांदा.

"कोण पुढे, कोण मागे, हे ठरतं कसं?"
"पायांवरून. ज्याचे पाय खाली, तो पुढे.
मी चुकून डोकी मोजत होतो."
आमच्याकडे हा नियम असता, मी म्हणाले,
तर वरच्या मजल्यावरचा मुकादम
सगळ्यांच्या मागे गेला असता.

सातला खिडकी करडी झाली.
आठही जणी फाटकाबाहेर, सावल्यांसकट.
मी बराच वेळ पाहत राहिले.
"आता काय चुकलं?"
"काही नाही. सगळ्या सारख्या चालतात."
"चाल एकच काढलीय. तीच सगळ्यांना लावलीय."
"हाल्श्का लंगडायची."

तो गप्प. मग नवी रिकामी चौकट उघडली.
"कुठल्या पायानं?"

आठवेना.
चौदा वर्षं तिच्या शेजारच्या यंत्रावर होते मी,
शिंकायची कशी ते सांगेन,
डब्यात गुरुवारी काय असायचं ते सांगेन.
पाय आठवेना.

म्हणून उठले.
ओट्यापासून दारापर्यंत हाल्श्का होऊन चालले,
आधी डाव्यानं. छे.
दारापासून परत फिरले.
तो हातात माऊस धरून मोजत होता,
एक, दोन,
आणि जिथे मी ओट्याला हात टेकला तिथे
थांब, म्हणाला,
अशीच थांब.